दिवाण : दिवसाचें बसणें, रात्रीचें निजणें

पिंपळे गुरव हें पवनेच्या कांठचें एके काळचें खेडें. आज तें पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेंत असून, जेथें पूर्वीं शेतें होतीं तेथें मजल्यांवर मजले चढलेल्या इमारती उभ्या आहेत. या इमारतींत राहावयास आलेलीं कुटुंबें नाना ठिकाणचीं. कोणी पिंपरी-भोसरीच्या कारखान्यांत नोकरी लागली म्हणून सातारा-सोलापुराकडून आलेलें, कोणी मराठवाड्यांतून, तर कोणी पुण्याच्या पेठेंतला वाडा पाडला जाऊं लागला म्हणून तेथून उठून आलेलें. प्रत्येकाबरोबर थोडेंफार सामान आलें. भांडीं आलीं, देव आले, पाटा-वरवंटाही आला. परंतु एक वस्तु बहुधा मागें राहिली, किंवा आली तर मोठ्या वादानंतर आली. ती म्हणजे घरचा जुना दिवाण.

समजा, पेठेंतला असा एक वाडा महिन्याभरांत रिकामा करावयाचा आहे. ओसरीवर शिसवी लांकडाचा, ६ फूट लांब व अडीच फूट रुंद असा दिवाण आहे. सकाळीं त्यावर आजोबा वर्तमानपत्र वाचीत, दुपारीं मुलें पालथीं पडून अभ्यास करीत, आला-गेला पाहुणा त्यावरच टेके आणि रात्रीं आजी त्यावरच निजे. आतां आजोबा नाहींत. जुन्या सामानाचा व्यापारी येतो, दिवाणाची एक बाजू उचलून पाहतो आणि वजनाचा अंदाज घेऊन किंमत सांगतो. नव्या घराची बाहेरची खोली १० फूट रुंद व १४ फूट लांब. मुलाच्या मनांत तेथें सोफासेट घ्यावयाचा. सून म्हणते, हें धूड लिफ्टमध्यें तरी मावेल काय? आजी कांहींच बोलत नाहीं. असा प्रसंग आज अनेक घरांत येतो, आणि सामान हलविण्याच्या गर्दींत त्याचा निकाल घाईघाईनें लागतो. तो लागण्यापूर्वीं या वस्तूची थोडी चौकशी करावयास हवी.

नांवापासूनच आरंभ करावा. दिवाण हा शब्द फारसी. त्याचा जुना अर्थ नोंदवही किंवा दप्तर. त्यावरून दप्तराची कचेरी, कचेरींतील दरबार आणि दरबाराचा कारभारी असे अर्थ निघाले. संस्थानाचा कारभार पाही तो दिवाण, मालमत्तेचा दावा तो दिवाणी, आणि बैठकीची मोठी खोली तो दिवाणखाना. दरबारी दालनांत भिंतीला लागून गाद्या-तक्क्यांची जी बैठक असे, तिलाही तेंच नांव पडलें, आणि तुर्कस्थानच्या वाटेनें तें युरोपांत पोंचलें. खाटेची कथा याहून मौजेची आहे. संस्कृतांतील खट्वा, तिची झाली खाट. सतराव्या शतकांत इंग्रजांनीं ती उचलली आणि कॉट केली. आज मराठी घरांत लोखंडी कॉट म्हणतात, तेव्हां इकडचीच खाट विलायतेस जाऊन टोपी घालून परत आलेली असते. पलंग आणि पालखी हे शब्दही एकाच घरचे. दोघांचें मूळ पर्यंक किंवा पल्यंक. निजावयाची वस्तु आणि मिरवावयाची वस्तु यांत पूर्वजांनीं फारसें अंतर मानलें नाहीं असेंच म्हणावयाचें.

चौदाव्या शतकांत हिंदुस्थानांत आलेल्या इब्न बतूता या मोरोक्कोच्या प्रवाशानें इकडील खाटांचें वर्णन करून ठेविलें आहे. निमुळते चार पाय, चार आडव्या दांड्या आणि मध्यें रेशमाची किंवा सुताची वीण, एवढाच त्यांचा संसार. एका माणसास ती सहज उचलतां येई, आणि प्रवासास निघालेला गृहस्थ आपली खाट नोकराच्या डोक्यावर देऊन बरोबर नेई. मराठी घरांतली बाज ती हीच. कोंकणांत तिला काथ्या, देशावर सुंभ किंवा नवार. उन्हाळ्यांत ती अंगणांत निघे, पावसाळ्यांत पडवींत येई. तिच्यावर पापड-कुरडया वाळत आणि लग्नकार्यांत तिच्यावरच सामानाचे ढीग पडत. बाळंतिणीच्या खोलींत तर तिच्यावांचून चालत नसे. कारण शेक द्यावयास शेगडी बाजेखालीं ठेवावयाची, आणि ऊब वर पोंचावयाची ती विणीच्या भोंकांतूनच. फळ्यांच्या पलंगाला हें साधत नाहीं. देवतांनाही पलंग लागतो. तुळजापूरच्या भवानीची मूर्ति वर्षांतून तीन वेळां सिंहासनावरून हालवून पलंगावर निद्रिस्त करितात. दसऱ्याच्या सुमारास तेथें येणारा पलंग पुणें जिल्ह्यांतील घोडेगांवाहून येतो.

दिवसा टेकावयाचा पलंग ही कल्पना एकट्या आशियाची नव्हे. प्राचीन रोमचे श्रीमंत लोक कोचावर कुशीस रेलून जेवीत. पॅरिसमध्यें १८०० सालीं दाविद या चित्रकारानें मादाम रेकामिए या स्त्रीचें एका साध्या, दोन्ही टोंकांस उंच वळलेल्या कोचावर रेललेलें चित्र काढावयास घेतलें. तें अपुरें राहिलें, आणि आज लूव्हर संग्रहालयांत आहे. पण तशा कोचाला युरोपांत तिचेंच नांव पडून गेलें. मानसशास्त्रज्ञ फ्रॉइड यांचा इराणी गालिचा घातलेला कोच लंडनच्या त्यांच्या राहत्या घरांतील संग्रहालयांत अद्याप आहे, व तो पाहावयास दूरदूरचे लोक जातात. हीं सारीं माणसें मोठ्या घरांत राहणारीं होतीं. दिवाणाची खरी परीक्षा लहान घरांत होते.

१० फूट बाय १४ फुटांच्या खोलीचें क्षेत्र १४० चौरस फूट. तींत तिघांचा सोफा ठेवला तर सुमारें २० चौरस फूट जागा जाते, दोन गुबगुबीत खुर्च्यांना आणखी १८, आणि मधल्या टेबलाला ७ किंवा ८. म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा जमीन व्यापली गेली, आणि रात्रीं या साऱ्या सरंजामावर एकही माणूस पाय पसरून धड निजूं शकत नाहीं. सोफ्याचाच पलंग होतो अशीं यंत्रें बाजारांत मिळतात खरीं. परंतु रोज रात्रीं तें ओढून उघडण्याचा उत्साह पहिल्या दोन महिन्यांपलीकडे क्वचितच टिकतो. उलट, ६ बाय अडीच फुटांचा दिवाण १५ चौरस फुटांत बसतो. दिवसा त्यावर तिघे-चौघे बसतात, रात्रीं एक माणूस व्यवस्थित निजतो, आणि खालच्या पोकळींत दोन ट्रंका किंवा पाहुण्यांच्या गाद्या जातात. अंथरूण पाहून पाय पसरावे हें खरेंच. पण जागा पाहून अंथरूण निवडावें, हें त्याच्याही आधींचें.

यांतील एक मर्म सहसा कोणाच्या लक्षांत येत नाहीं. खुर्चीवर पाय खालीं सोडून बसणारास पाठीपासून गुडघ्यापर्यंत सुमारें १७-१८ इंच खोलीची बैठक पुरते. मांडी घालून बसणारास मात्र त्याहून पुष्कळ अधिक, अडीच फुटांपर्यंत जागा लागते. सोफा पहिल्यासाठीं बनविलेला आहे. त्यावर मांडी घातली तर गुडघे अधांतरीं राहतात. जुना दिवाण दोघांनाही सोईचा. त्याची रुंदी ३० इंच. मागें भिंतीशीं १० इंच जाडीचा लोड ठेवला कीं पुढें २० इंच उरतात आणि पाय सोडून बसतां येतें. लोड काढला कीं मांडी घाला, नाहीं तर आडवे व्हा. म्हणजे लोड-तक्के हे शोभेसाठीं नसून बैठकीची खोली कमी-अधिक करण्याचें तें साधन आहे. ज्या घरांत आजी मांडी घालून पोथी वाचते आणि नातू पाय सोडून बसतो, त्या घराला असेंच आसन हवें. लोड न करतां उगाच चार-सहा लहान उशा मांडून ठेवणारीं घरें दिवाणाला नांवें ठेवतात, पण दोष दिवाणाचा नव्हे.

उंचीचेंही असेंच आहे. जुन्या दिवाणाची चौकट जमिनीपासून १४ ते १५ इंच असते, कारण तिच्यावर तीन-चार इंचांची कापसाची गादी यावयाची हें सुताराला ठाऊक होतें. दोन्ही मिळून १८ इंच होतात आणि म्हाताऱ्या माणसाला गुडघ्यांवर भार न देतां उठतां येतें. तिच्यावरच आजची ८ इंची स्प्रिंगची गादी टाकली तर बैठक २३ इंचांवर जाते, पाय लोंबकळतात, आणि मग दिवाण अवघड आहे अशी तक्रार सुरू होते. गादी कापसाची असावी, आणि ती वर्षां-दोन वर्षांनीं पिंजून घ्यावी. पिंजारी आतां पूर्वींसारखा दारावर येत नाहीं हें खरें. पण गाद्या भरून देणारीं दुकानें पिंपरी-चिंचवडांत अद्याप आहेत.

ज्यांच्या घरीं वडिलोपार्जित दिवाण नाहीं, तीं मंडळी तो विकत घेऊं पाहतात. पुण्यांत मंगळवार पेठेजवळ भरणारा जुना बाजार आणि मुंबईंत भेंडीबाजाराजवळचा चोरबाजार हीं ठिकाणें प्रसिद्धच आहेत. तेथें सांगितली जाणारी प्रत्येक वस्तु शंभर वर्षांची असते! म्हणून दृष्टि थोडी तयार करून जावें. प्रथम दिवाण उलटा करून पाहावा. वरचा भाग विकण्यासाठीं सजविलेला असतो, खालचा खरें बोलतो. जुनें काम असेल तर फळीच्या खालच्या अंगास हातकरवतीचे सरळ, कमीजास्त खोलीचे ओरखडे दिसतात. चक्री करवतीच्या खुणा कमानीसारख्या वळलेल्या असतात. खालचा रंग सर्वत्र सारखाच काळपट असेल तर तो बहुधा डब्यांतला आहे, काळाचा नव्हे. कांतीव गोल पाय असतील तर सुताराच्या मापकानें त्यांची जाडी दोन दिशांनीं मोजावी. लांकूड आडव्या अंगानें वाळतें तें सर्व दिशांनीं सारखें वाळत नाहीं. त्यामुळें पुष्कळ वर्षांनंतर मूळचा गोल पाय किंचित् लंबगोल झालेला आढळतो. नव्या पायाचीं दोन्ही मापें बिनचूक जुळतात. सांधे तर पाहावेतच. एका लांकडाचें टोंक कुसूं करून दुसऱ्याच्या भोंकांत बसवावयाचें आणि वरून लांकडाची खुंटी मारावयाची, ही जुनी रीत. तेथें तारेचे खिळे व चकचकीत स्क्रू दिसले तर निदान दुरुस्ती तरी झालेली आहे असें समजावें. दुरुस्ती हा गुन्हा नव्हे. ती लपवून शंभर वर्षांची किंमत मागणें हें मात्र लबाडीचें.

बाजारांत दिवाण म्हणून मिळणारे कित्येक नग मुळांत दिवाण नसतातच. मच्छरदाणीचे चार खांब असलेला मोठा पलंग कापून लहान केलेला असतो, किंवा पाडलेल्या वाड्याच्या दाराचीं कोरीव तावदानें व कठड्याचीं नक्षीदार कांबें नव्या चौकटीस जोडून पाठ तयार केलेली असते. अशी वस्तु दिसावयास सुंदर असूं शकते, टिकाऊही असूं शकते. पण ती जुन्या लांकडाची नवी वस्तु होय, आणि तिचा भाव त्याच हिशेबानें द्यावा. एकोणिसाव्या शतकांत मुंबईंत शिसवावर दाट कोरीव काम करून बनविलेले कोच व खुर्च्या पारशी व युरोपीय घरांत फार मानाच्या होत्या. आज त्या संग्रहालयांत पाहावयास छान वाटतात. दोन खोल्यांच्या घरांत त्यांच्या पाना-फुलांतली धूळ रोज कोण पुसणार? गोव्याच्या जुन्या घरांतले वेताच्या विणीचे कोच अधिक उपयोगी. ते हलके, हवेशीर, आणि वेत सैल पडला तर खालून ओल्या फडक्यानें भिजवून सावलींत वाळविला असतां पुष्कळसा पुन्हां ताणला जातो. तुटलेला वेत मात्र नव्यानेंच विणून घ्यावा लागतो.

जुनी वस्तु घरांत आणतांना ढेकणांचा विचार न करणारी गृहिणी पस्तावते. ढेकूण कित्येक महिने उपाशी राहूं शकतात. म्हणजे वर्षभर बंद खोलींत पडलेला दिवाण निर्धोक, ही समजूत भोळेपणाची आहे. नुसत्या उन्हावर विसंबणेंही बरें नव्हे. सुमारें ५० अंश उष्णता सांध्यांच्या आंतपर्यंत पोंचून तास-दीड तास टिकली तरच अंडीं मरतात, आणि जाड शिसवाच्या आंत वैशाखाचें ऊनही तितकें शिरत नाहीं. दिवाण सुटा करावा, प्रत्येक कुसूं व भोंक ब्रशानें साफ करावें, उकळत्या पाण्याची वाफ सांध्यांत सोडावी, आणि शंका असेल तर हें काम करणाऱ्या जाणत्या माणसास बोलवावें. खालीं पिठासारखा बारीक भुसा पडत असेल व टांचणीच्या टोंकाएवढीं भोंकें दिसत असतील तर लांकूड पोखरणारे किडे आंत जिवंत आहेत. सागाच्या गाभ्याला वाळवी व कीड सहसा लागत नाहीं; पण बाहेरच्या फिकट भागाला लागते, आणि स्वस्त कामांत तोच भाग चौकटीस वापरलेला असतो.

दिवाणावर जुना तैलरंग असेल तर त्याला विशेष जपावें. पूर्वींच्या रंगांत शिसें असे. घरगुती रंगांतील शिशाचें प्रमाण दहा लक्ष भागांत ९० भागांपेक्षां अधिक नसावें असा नियम भारतांत २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वींच्या रंगाची खात्री कोणी देऊं शकत नाहीं. असा रंग घरांत बसून कोरड्या पॉलिश कागदानें घासला तर ती धूळ रांगत्या मुलाच्या हातांतून तोंडांत जाते, आणि शिसें लहान मुलांच्या मेंदूस अपाय करतें. हें काम बाहेर, ओलें करून, मुलें जवळ नसतां व्हावें.

नैसर्गिक लांकडावर बहुधा लाखेचें पॉलिश असतें. आडोशाच्या जागीं स्पिरिटचा बोळा दाबून पाहावा. पृष्ठ चिकट झालें कीं लाख ओळखावी. हें पॉलिश गरम कपाखालीं पांढरें वर्तुळ धरतें हा त्याचा अवगुण, पण तेवढीच जागा पुन्हां लाख चढवून दुरुस्त होते हा गुण त्याहून मोठा. हल्लींचें यंत्रानें फवारलेलें जाड, कांचेसारखें पॉलिश एकदां उडालें कीं सबंध खरवडावें लागतें. जुना दिवाण नव्यासारखा चकचकीत करून देतों असें म्हणणाऱ्या कारागिराच्या हातीं तो देऊं नये. हातांनीं झिजून गुळगुळीत झालेली कड एकदां घासली गेली कीं ती कोणत्याही पैशानें परत येत नाहीं.

ज्यांचीं मुलें परदेशीं आहेत अशा घरांत आणखी एक प्रश्न निघतो: आजोबांचा दिवाण अमेरिकेस पाठवितां येईल काय? १९७२ च्या पुरावस्तु व कलासंपत्ति कायद्याप्रमाणें १०० वर्षांहून जुनी पुरावस्तु खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवितां येत नाहीं. शिसवाच्या जातीचें लांकूड तर २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापारावरील नियंत्रणाखालीं आलें आहे, मग वस्तु नवी असो वा जुनी. शंभर वर्षांपेक्षां कमी वयाच्या वस्तूंना मात्र पहिल्या कायद्याचें संरक्षण नाहीं, आणि त्याचें फळ चंडीगडनें पाहिलें आहे. स्वातंत्र्यानंतर तें नवें शहर वसवितांना पियेर जानरे या स्विस वास्तुशिल्पज्ञानें कचेऱ्यांसाठीं साधे सागवानी बांक, खुर्च्या व दिवाण आंखून दिले होते. पुढें ते मोडके म्हणून भंगारच्या भावांत विकले गेले, आणि तेच युरोप-अमेरिकेच्या लिलावांत प्रचंड किंमतीला चढले. वजन करून किंमत सांगणारा व्यापारी दारांत उभा असतांना हें उदाहरण आठवलेलें बरें.

पुण्याला याची जाणीव एका गृहस्थास फार लवकर झाली होती. दिनकर गंगाधर केळकर यांनीं १९२० च्या सुमारास दिवे, अडकित्ते, दारें, झरोके, पेट्या अशा घरगुती वस्तु जमवावयास आरंभ केला. जुनीं घरें मोडत होतीं, लोक पितळ वजनावर आणि लांकूड जळणाच्या भावानें विकीत होते; हे त्यांच्या दारोदार हिंडत. लहानपणीं वारलेल्या मुलाच्या नांवानें त्यांनीं हा संग्रह उभा केला आणि पुढें तो महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. शुक्रवार पेठेंतलें राजा दिनकर केळकर संग्रहालय तें हेंच. १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरांत मुठेकांठचे कित्येक वाडे सामानासुद्धां गेले, आणि जे उरले ते पुढच्या काळांत एकेक करून पाडले गेले. संग्रहालयांत मात्र थोड्याच वस्तु मावतात. बाकीच्या घरांतच राहावयाच्या, नाहीं तर नाहींशा व्हावयाच्या.

आतां त्या लिफ्टच्या प्रश्नाकडे वळावें. खुंट्यांनीं जोडलेला दिवाण सुटा करतां येतो, आणि हाच त्याचा नव्या खिळ्यांच्या पलंगापेक्षां मोठा गुण आहे. सुट्या केल्यावर त्याचा सर्वांत लांब भाग ६ फुटांचा, आणि तो सामान्य लिफ्टमध्यें उभा मावतो. जाणत्या सुतारास बोलावून खुंट्या मागच्या अंगानें, लांकडी हातोड्यानें ठोकून काढाव्यात. लोखंडी हातोडा कुसवाचें तोंड फोडतो. प्रत्येक सांध्याच्या दोन्ही भागांवर खडूनें एकच आंकडा घालावा, कारण हातानें केलेलें कुसूं फक्त आपल्याच भोंकांत नीट बसतें. चार पाय वरून सारखे दिसले तरी ते एकमेकांच्या जागीं चालत नाहींत. नव्या खोलींत दिवाण लांब भिंतीला, खिडकीपासून हातभर दूर मांडावा. थेट उन्हांत लाख फिकी पडते आणि पावसाचे शिंतोडे विणीला सोसत नाहींत. फरशी असमान असेल तर पायाखालीं चामड्याची चकती द्यावी, पाय कापूं नये.

खुंट्यांची काळजी मात्र त्या दिवशीं कोणालाच नसते. टेंपोंत सामान भरतांना आठ-दहा लांकडी खुंट्या कोठें पडल्या हें संध्याकाळपर्यंत कोणाला आठवत नाहीं, आणि मग नव्या घरीं सुतार खिळे मारून मोकळा होतो. त्या काढल्याबरोबर एका फडक्यांत बांधाव्यात, आणि ती पुरचुंडी आजीच्या हातांत द्यावी.